ळच्या जागी ल

दिल्लीतल्या आमच्या मराठी मंडळाची एक छोटी मासिक पत्रिका निघते. तिच्या शेवटच्या पानावर आरोग्याचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं असतात. ते पान मी तयार करतो. मी डॉक्टर नाही. केंद्र सरकारच्या एका कार्यालयात अनुवादक आहे, निवृत्तीला दीड वर्ष राहिलं आहे. उत्तरं फरीदाबादच्या एक वयस्कर डॉक्टरबाई देतात. त्यांचं मराठी बोलायला खणखणीत, पण लिहायला बसल्या की तिसऱ्या ओळीत इंग्रजीत शिरतात. म्हणून मी फोनवर प्रश्न वाचतो, त्या बोलतात, मी उतरवून घेतो आणि छापण्याजोगं करतो.

प्रश्न साधे असतात. कोमट पाण्यात मध घालून प्यायल्याने वजन उतरतं का? "उतरतं," डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, "मधाच्या बरणीचं." हवा वाईट असताना प्राणायाम खिडकी उघडून करावा की लावून? "लिहा, खिडकी लावून, आणि प्राणायाम न करता." असली उत्तरं मी थोडी सौम्य करून छापतो. त्यांना ते आवडत नाही.

आई गेली त्यानंतरच्या महिन्याचं पान मी सोडून दिलं. त्याच्या पुढचं पान करायला बसलो तो एक रविवार होता. धुरकट हवेमुळे घराच्या सगळ्या खिडक्या आठवडाभर बंद होत्या. हवा शुद्ध करणारं यंत्र आईच्या खोलीतून मी बाहेरच्या खोलीत आणून ठेवलं होतं आणि ते घरघरत होतं. मयूर विहारातलं आमचं हे दोन खोल्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. आम्ही इथे दोघंच राहत होतो. मी लग्न केलं नाही. वडील जाऊन फार वर्षं झाली.

वाचकांचे प्रश्न आता फोनवर येतात. मी ते छापून घेतो आणि लाल पेनाने शुद्ध करतो. कार्यालयातली सवय. त्या रविवारी तिसरा कागद फरीदाबादच्या एका नातीचा होता. तिने लिहिलं होतं, "माझ्या आजीला आंघोल करून आली की छातीत कल येते. थोडा वेल बसली की जाते. आजी बोलते काही नाही, वयाचं आहे. हे नॉर्मल आहे का?"

दिल्लीत वाढलेल्या मुलांना ळ येत नाही, हे इथल्या प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. केळं केला होतं, काळा काला होतो, आणि सगळी नळ, डाळ, शाळा सपाट होऊन जाते. ळच्या जागी आलेला ल दुरुस्त करणं हे माझं इतक्या वर्षांचं काम. हात आपोआप चालतो. आंघोलला ळ केला. पुढचा शब्द होता कल. ल खोडला, वर ळ लिहिला, आणि पेन तिथेच राहिलं.

हा शब्द मी यापूर्वी वाचलेला होता. आमच्याच घरात, एका वहीत.

ती वही सांगण्याआधी आईबद्दल थोडं सांगायला हवं. आई लग्न होऊन दिल्लीला आली आणि पहिली पंचवीस वर्षं आम्ही लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहिलो. शेजारी एका बाजूला तमिळ, दुसऱ्या बाजूला बंगाली. आईचं हिंदी तिथे तयार झालं. व्याकरणाच्या नावाने ठणठणाट, पण भाजीवाला तिला वचकून असायचा. "भैया, कल का भेंडी वापस लो, उसमें अळी निकला," असं ती म्हणायची. अळी हा शब्द हिंदीत नाही हे त्या भाजीवाल्याला तिच्यामुळे कधी कळलंच नाही; तोही "माताजी, आज एक भी अली नहीं है" असं सांगून भेंडी विकायचा.

दोन वर्षांपूर्वी तिला मेंदूचा हलका झटका आला. हातपाय सावरले, हिंदी गेलं. पुरतं नाही, पण बोलता येईनासं झालं. समोर कुणीही असो, ती मराठीतच बोलायची. मोठेपणी शिकलेली भाषा कधीकधी आधी जाते, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी दिवसभर कार्यालयात. म्हणून सकाळी आठ ते संध्याकाळी सात एक अटेंडंट ठेवली. बिहारकडची, पन्नाशीची बाई. ती आईला माताजी म्हणायची, मला भैया. नीट, मायाळू आणि फार बोलकी. आई मराठीत बोले, ती हिंदीत उत्तर देई, आणि दोघींचं चांगलं जमतं असं मला वाटे. एकदा मी लवकर घरी आलो तर ती आईला विचारत होती, "माताजी, और चाय?" आई म्हणाली, "पुरे." ती म्हणाली, "पूरी? चाय के साथ पूरी?" आणि आई इतकी हसली की तिला ठसका लागला. ती गोष्ट मी बऱ्याच जणांना सांगितली.

त्या बाईने एक वही ठेवावी असं मीच सांगितलं होतं. रक्तदाब किती, काय खाल्लं, किती झोप, पोट साफ झालं का. ती शाळकरी अक्षरात हिंदीत लिहायची आणि शेवटी एखादी ओळ आपल्या मनाची घालायची. "आज माताजी ने टीवी देखा।" "आज माताजी गुस्सा थीं।" संध्याकाळी घरी आल्यावर मी पान वाचायचो आणि खाली सही करून तारीख टाकायचो. हीसुद्धा कार्यालयातलीच सवय. "भैया, हम क्या सरकारी फाइल हैं?" ती एकदा म्हणाली होती.

शेवटच्या दीड महिन्यात तिच्या मनाच्या ओळी वेगळ्या झाल्या. पहिली अशी होती: "माताजी ने पूछा कल आती है क्या। मैंने बोला हाँ, दीदी आएँगी।" मग दोन दिवसांनी: "नहाने के बाद फिर पूछा, कल आई, कल आई। मैंने समझाया।" मग जवळजवळ रोज. येते, आली हे शब्द ती आईकडून ऐकून शिकली होती. दीदी म्हणजे माझी थोरली बहीण, पुण्याची. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, प्रवास बंद होता, दिवाळीचं तिकीट काढलेलं होतं. ते आमच्या घरात रोज बोललं जायचं. तेव्हा त्या ओळींचा अर्थ उघड होता. मी तो माझ्या भाषेत उतरवला आणि ताईला फोनवर सांगितला, "आई रोज तुझी वाट बघते. विचारते, उद्या येते का."

ताई त्या दिवशी फोनवर रडली. म्हणाली, "तिला सांग, अगदी फटाके वाजायच्या आत येते."

दिवाळीला चार दिवस असताना, सकाळी आंघोळ करून खुर्चीत बसल्यावर आई गेली. हृदय बंद पडलं, एवढंच निदान झालं. वय चौऱ्याऐंशी होतं. लोक म्हणाले, सोन्यासारखं मरण. ताई काठी घेऊन विमानाने आली. तेरा दिवस राहिली. अटेंडंट बाई भेटायला आली तेव्हा तिने ताईचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "दीदी, रोज आपको पूछती थीं। नहा के बैठतीं और पूछतीं, कल आएगी, कल आएगी।" ताईने तिला जवळ घेतलं. मी शेजारीच उभा होतो.

तेव्हापासून दर रविवारी दुपारी ताईचा फोन येऊ लागला. आणि दर वेळी ती दोन प्रश्न विचारायची. पहिला, "शेवटी तिला त्रास झाला नाही ना रे?" मी म्हणायचो, नाही. दुसरा खरं म्हणजे प्रश्न नसायचा. "रोज विचारायची ना मला," असं ती म्हणायची, आणि मी हो म्हणायचो. त्या वाक्यावर तिचे दोन महिने चालले होते. ते तिला टोचतही होतं आणि धरूनही ठेवत होतं.

लाल पेन ठेवून मी ती वही काढली. पहिली ओळ मोठ्याने वाचली. ल म्हणून वाचली, मग आई म्हणाली असती तशी ळ म्हणून वाचली. कळ येते. कळ आली. कळ आली. नहाने के बाद.

प्रत्येक पानाखाली माझी सही होती.

खिडकी उघडावीशी वाटत होती आणि बाहेर समोरची इमारतसुद्धा दिसत नव्हती. आईला मी रोज संध्याकाळी विचारत असे, "बरं आहे ना?" ती म्हणायची, "बरं आहे." सकाळची कळ संध्याकाळपर्यंत तिच्या लक्षात राहत नसावी, किंवा राहत असली तरी ती सांगणाऱ्यातली नव्हती. कळ काढणारी बाई ती. जिला सांगत होती ती तिला म्हणत होती, हाँ माताजी, दीदी आएँगी. आणि ज्याला दोन्ही भाषा येतात, ज्याचं पोट त्यावर चालतं, तो खाली तारीख टाकत होता.

मग फरीदाबादच्या मुलीचा कागद समोर आहे हे लक्षात आलं. तो पत्रिकेच्या तारखेपर्यंत थांबण्यासारखा नव्हता. मी तिला फोन लावला.

"हॅलो अंकल! अरे वा, इतनी जल्दी? छापणार का?"

"छापायचं नंतर. आजी कुठे आहेत?"

"आजी? मटार सोलते."

"त्यांना आज दवाखान्यात ने. आजच. आंघोळीनंतर छातीत कळ येते आणि बसल्यावर थांबते, हे हृदयाचं असू शकतं. मी डॉक्टर नाही, पण हे थांबायचं काम नाही. आणि मध्येच कळ आली, बसूनही थांबली नाही, घाम फुटला, तर कुणाची वाट न बघता सरळ इमर्जन्सीत."

तिचा आवाज खाली आला. मग म्हणाली, "अंकल, मी तर तिची मजाक उडवत होते यार. ती बोलायची कल येते, तर मी बोलायची, आजी, कल कौन येते?"

"हं."

"अंकल, तुम्ही रागावले?"

"नाही. तू लिहून विचारलंस. ते कुणी करत नाही."

मागून म्हातारीचा आवाज आला, "कोण आहे गं? त्यांना सांग, काही झालेलं नाही मला." मुलगी तिच्यावर ओरडली, "आजी, चूप, बिल्कुल चूप, चप्पल घाल." फोन बंद झाला.

मग डॉक्टरबाईंना फोन केला. त्यांनी मुलीचा नंबर घेतला आणि कुठे न्यायचं ते तिला स्वतः सांगितलं. पुन्हा मला फोन लावून उत्तर सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "आणखी एक घाला. इथल्या सगळ्या म्हाताऱ्यांच्या घरी हिंदी बोलणारी माणसं आहेत. नोकर, नर्स, नातवंडंसुद्धा. कळ, चमक, कणकण, धाप, त्यांना काय कळणार? कणकण म्हटलं तर त्यांना वाटेल कण-कण में भगवान. हे शब्द हिंदीत लिहून फ्रिजवर लावा म्हणावं. आणि एखादं उदाहरण द्या. उदाहरणाशिवाय लोक वाचत नाहीत."

"उदाहरण आहे," मी म्हणालो, आणि त्यांना वहीचं सांगितलं. हे मी पहिल्यांदाच कुणाला सांगत होतो.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुम्ही आता मला विचारणार, आधी कळलं असतं तर वाचल्या असत्या का."

"हो."

"वाचल्या असत्या कदाचित. नसत्याही कदाचित. औषधाने कळ मात्र कमी झाली असती. खोटं सांगत नाही."

मी त्यांची उत्तरं करतो तसं हे त्यांनी सौम्य केलं नाही, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. पण फोन ठेवल्यावर मला पेच समजला. पत्रिका निघाली की ताईला फोनवर जाते. ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते, मंडळाच्या हळदीकुंकवाच्या वृत्तांतासकट. "एका घरी असं घडलं" असं कितीही झाकून लिहिलं, तरी आंघोळीनंतर कल आली म्हणणारी म्हातारी कोण, हे ओळखायला तिला एक ओळ पुरे होती. उदाहरण छापावं तर ताईच्या हातातलं एकुलतं एक वाक्य मी काढून घेणार होतो, आणि त्या जागी आईचं दुखणं ठेवणार होतो. न छापावं तर अशाच कुठल्या तरी घरी, कुणी तरी म्हातारी आंघोळ करून खुर्चीत बसणार होती.

त्या दिवशी ताईचा फोन आला, तो कामात आहे म्हणून मी लवकर ठेवला. पुढचा आठवडा मी मेट्रोने गेलो, मेट्रोने आलो, कार्यालयात फायलींचे अनुवाद केले. पान लिहून ठेवलं होतं. उदाहरणाची जागा तेवढी रिकामी होती. बुधवारी फरीदाबादहून मजकूर आला: आजीला दवाखान्यात ठेवलं आहे, औषधं सुरू झाली, नस अडकली होती, आता बरी आहे. खाली लिहिलं होतं, "कळ. बघा अंकल, बरोबर लिहिला ना?" मी बरोबर असं कळवलं. बरं वाटलं आणि लगेच दुसरं काही तरी वाटलं, ते इथे लिहीत नाही.

रविवारी ताईचा फोन आला.

"काय रे, जेवलास? काय केलंस?"

"खिचडी. ताई, तुला एक सांगायचं आहे."

"लग्न ठरवलंस का या वयात?" ती हसली. पुष्कळ दिवसांनी हसली होती.

मी वही समोर ठेवूनच बसलो होतो. सगळं सांगितलं. नातीचा कागद, ल आणि ळ, बाईच्या ओळी, माझ्या सह्या. तिच्याकडे मागे कुकरची शिट्टी झाली, तरी उठली नाही.

"म्हणजे ती मला विचारत नव्हती," ती शेवटी म्हणाली.

"नाही, ताई."

"एकदाही?"

विचारायची, असं म्हणणं किती सोपं होतं. "संध्याकाळी कधीकधी तुझं नाव काढायची. पण वहीत लिहिलंय ते तुझं नाही."

"आणि तू म्हणाला होतास, त्रास झाला नाही."

"मला माहीत नव्हतं."

"सह्या करत होतास ना?"

"हो."

मग तिने विचारलं, "ती बाई तिला काय म्हणायची? नीट सांग. तिचे शब्द."

"हाँ माताजी, दीदी आएँगी."

"आईला ते कळायचं?"

"बोलता येत नव्हतं. कळत असावं थोडं. दीदी तरी कळत असेल."

"म्हणजे तिला दुखत होतं," ताई अगदी सावकाश म्हणाली, "आणि दर वेळी कुणी तरी तिला सांगत होतं, की मी येणार आहे." मग म्हणाली, "आणि मी आले नाही."

पत्रिकेचं मग मी सांगितलं. तिला आवडणार नसेल तर गाळतो म्हणालो.

"छाप," ती म्हणाली. "पण एका घरी, कुण्या एका कुटुंबात, असलं लिहू नकोस. आमच्याकडे, असं लिही." आणि फोन ठेवला.

मी तसं लिहिलं. पान जुळवणारा माणूस हिंदी भाषक आहे. प्रूफ आलं त्यात "आमच्याकडे आईला कल येत होती" असं होतं. दोन ठिकाणी. मी दोन्ही ठिकाणी ळ केला आणि खाली सही करायला गेलो, ती केली नाही. पान पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

पुढचे दोन रविवार ताईचा फोन आला नाही. मीही केला नाही. पत्रिका तिला पोचल्याची खूण फोनवर दिसत होती. अटेंडंट बाईला मी काही सांगितलेलं नाही. ती आता नोएडाला दुसऱ्या एका माताजींकडे आहे, अधूनमधून खुशाली विचारते. त्या माताजी पंजाबी आहेत.

तिसऱ्या रविवारी दुपारी फोन वाजला.

"हवा कशी आहे तिकडे?" ताईने विचारलं.

"वाईटच."

"खिडक्या लावल्यास?"

"लावल्यात."

"आणि तुझी तब्येत? छातीत वगैरे काही नाही ना?"

"नाही, काही नाही."

"खरं सांग."

पूर्वी ती असं म्हणत नसे. मी हवेचं यंत्र बंद केलं, म्हणजे तिचा आवाज नीट ऐकू येईल आणि माझाही तिला.

"जिना चढताना धाप लागते," मी म्हणालो. "दुसऱ्या मजल्यावर थांबावं लागतं. दिवाळीच्या आधीपासून."

"मग दाखवलंस का कुणाला?"

"नाही."

"उद्या जा," ती म्हणाली. "गेलास की फोन कर. लिहून पाठवू नकोस, बोल."